हौद, डीपी आणि दुपारचं ऊन

पुण्यात रिक्षावाल्याला ‘फडके हौद’ म्हटलं की तो बरोबर चौकात आणून सोडतो. उतरल्यावर ‘पण हौद कुठाय?’ असं विचारलंत, तर मात्र तो तुम्हाला बाहेरगावचे समजेल. फडके हौद, काळा हौद, साततोटी, पंचहौद… पेठांमधले कितीतरी पत्ते पाण्याचे आहेत आणि त्यांतल्या अनेकांची कूळकथा कात्रजला जाते. १७५० च्या सुमारास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावातून दगडी नळ शहरात आला. त्याला एकही पंप नव्हता. कात्रज उंचावर, शनिवारवाडा खाली. सगळं काम उताराने केलं. कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून वाटेत दगडी उच्छ्वास बांधले. हौद कुठे असावा हे मुख्यतः दोन गोष्टींनी ठरत असावं: जमिनीचा उतार कुठवर पाणी आणून देतो आणि बायामाणसं घागरी घेऊन कुठे जमू शकतात.

मला हे सगळं आठवलं ते एका पिवळ्या वायरमुळे. आमच्या शेजारच्या जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून रोज रात्री दहाच्या सुमारास ती खाली येते, विहिरीत पोहरा सोडावा तशी. खाली उभ्या असलेल्या विजेच्या स्कूटरला जोडली जाते आणि सकाळी सहाला वर ओढली जाते. इमारतीला पार्किंग नाही. स्कूटरवाला मुलगा तुळशीबागेतल्या एका दुकानात कामाला आहे. पावसाळ्यात त्याची आई वायरच्या जोडावर प्लॅस्टिकची पिशवी बांधते.

सार्वजनिक चार्जिंग कुणासाठी हवं, याचं उत्तर त्या वायरच्या खालच्या टोकाला आहे. बंगलेवाल्याचा चार्जर त्याच्या पोर्चमध्येच असतो. रस्त्यावरचा चार्जर लागतो तो वाड्यात, चाळीत, बिनपार्किंगच्या इमारतीत राहणाऱ्याला, रिक्षावाल्याला, दिवसभर पार्सलं पोचवणाऱ्याला. मग तो कुठे बसवायचा? हा प्रश्न नकाशावर टाचण्या टोचण्याइतका सोपा असेल असं मला वाटलं होतं. तो जमिनीखाली, झाडाच्या मुळांत, डीपीच्या पोटात आणि शेवटी घड्याळात शिरतो, हे कळत गेलं तसा मी थक्क होत गेलो.

आधी त्या प्लगबद्दल. आपल्याकडे त्याला सर्रास ‘गन’ म्हणतात. गन गाडीला लावली की वीज धावत सुटते, असा माझा बरेच दिवस समज होता. तसं होत नाही. कारच्या प्लगमध्ये जाड पिनांच्या जोडीला दोन बारक्या पिना असतात आणि आधी त्यांच्यात बोलणी होतात. चार्जर एका बारीक तारेवर १२ व्होल्ट ठेवून वाट बघत असतो: कुणी आहे का? गाडी जोडली की तिच्यातल्या एका छोट्या रोधामुळे तो दाब ९ व्होल्टवर उतरतो: आले. मग चार्जर त्याच तारेवर सेकंदाला एक हजार टिचक्या मारू लागतो. गाडीची तयारी झाली की ती दाब ६ व्होल्टवर आणते: सोडा. तेव्हा कुठे आतला खटका ‘टक्’ असा वाजतो आणि मुख्य तारांत वीज येते.

खरी गंमत त्या टिचक्यांत आहे. प्रत्येक टिचकीत तार किती टक्के वेळ ‘चालू’ आहे, यावरून चार्जर गाडीला सांगतो की तुला किती अँपिअर मिळतील. टक्क्यांना ०.६ ने गुणायचं. १० टक्के म्हणजे ६ अँपिअर, ५० टक्के म्हणजे ३०. गाडीने त्याहून जास्त ओढायचं नाही, हा त्यांच्यातला करार. शिवाय चार्जर हा आकडा मध्येच बदलू शकतो. संध्याकाळी साडेसातला गल्लीतले सगळे एसी, गिझर आणि मिक्सर एकदम चालू झाले की चार्जरने ५० टक्क्यांवरून १० वर यायचं. रात्री दोनला सगळं शांत झालं की पुन्हा वर. गाडीवाला झोपलेला असतो, त्याला पत्ताही लागत नाही. एका बारक्या पिनेतून होणाऱ्या या कुजबुजीमुळे अख्खा नवा ट्रान्सफॉर्मर बसवायचं टळू शकतं, म्हणजे त्याचा लोखंड-तांबं-तेलाचा खर्चही टळतो. स्कूटरचा साधा पंधरा अँपिअरचा सॉकेट मात्र मुका. त्याला टायमर तरी लावावा लागतो.

आता गणित. त्या साध्या सॉकेटमधून साधारण ३.३ किलोवॉट मिळतात. महामार्गावर दिसणारा, कपाटाएवढा जलद डीसी चार्जर ६० किलोवॉटचा असेल, तर तो एकटा अशा १८ सॉकेटांएवढी वीज ओढतो. आणि जलद म्हणजे तरी किती वेळ जलद? तांब्या भरताना नळ पूर्ण सोडता येतो, पण पाणी गळ्याशी आलं की धार बारीक करावी लागते, नाहीतर उडतं. बॅटरीचंही तसंच. ८० टक्क्यांच्या आसपास तिची धार बारीक होते आणि पुढचे २० टक्के ती महागडं यंत्र अडवून बसते. पुणं हे दुचाकींचं शहर आहे. इथे एका झगमगीत कपाटापेक्षा विखुरलेले अठरा सॉकेट जास्त लोकांच्या कामाचे, असं माझं स्पष्ट मत आहे. फीत कापायला कपाट बरं दिसतं, हे मान्य.

सरकारी कागदावर मात्र हा प्रश्न चौकोनांचा आहे. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने आधी सांगितलं की शहरात दर ३ किमी बाय ३ किमीच्या चौकोनात किमान एक चार्जिंग स्टेशन असावं. सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत शहरी भागासाठी तो चौकोन २०३० पर्यंत १ किमी बाय १ किमीवर आला. पुणे महापालिकेची हद्द सुमारे ५०० चौरस किलोमीटर धरली, तर पहिल्या हिशेबाने ५५ चौकोन होतात आणि दुसऱ्याने ५००. चौकोन क्षेत्रफळाने नऊपट लहान झाला असं कुणी म्हटलं नाही, पण घडलं तेच. महाराष्ट्राच्या २०२१ च्या ई-वाहन धोरणात याला एक शहाणपणाची जोड होती: दर दहा लाख लोकसंख्येमागे ५० स्टेशनं किंवा ३ किमीचा चौकोन, यांपैकी जे जास्त भरेल ते. २०११ च्या जनगणनेतले पुण्याचे ३१ लाख लोक घेतले तरी डोकी मोजून दीडशेच्या वर आकडा जातो. पुण्यासाठी २०२५ पर्यंतचं उद्दिष्ट तर ५०० चं लिहिलं होतं. डोकी मोजणं महत्त्वाचं, कारण शुक्रवार पेठेतला एक चौरस किलोमीटर आणि धायरीच्या पलीकडचा एक चौरस किलोमीटर ही एकाच मापाची वस्तू नव्हे.

चौकोनाचा उपयोग नाही असं मात्र नाही. तो नसता तर सगळे चार्जर बाणेर आणि कोरेगाव पार्कातच उगवले असते. पण चौकोनाला टेकडी दिसत नाही. पुण्याच्या नकाशावर जाळी टाकली की काही चौकोन थेट वेताळ टेकडीवर, तळजाईवर, काही मुठेच्या पात्रात पडतात. १९९७ साली पालिकेत आलेल्या २३ गावांच्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचं आरक्षण आहे. ‘बीडीपी’ म्हटलं की पुणेकरांचा आवाज आपोआप चढतो तो याचमुळे. योगायोग पाहा: भारतातल्या वाहन-चार्जिंगचं एआयएस-१३८ हे मानक जी संस्था प्रसिद्ध करते ती एआरएआय त्याच वेताळ टेकडीच्या अंगावर वसलेली आहे; इतकी, की फिरायला जाणारे टेकडीलाच ‘एआरएआय टेकडी’ म्हणतात. चार्जरचे नियम छापणाऱ्या संस्थेच्या कुंपणापलीकडे मोर ओरडतात. तो चौकोन रिकामा राहिला तरी चालेल, असं म्हणण्याची मुभा आराखडा करणाऱ्याला हवी.

आता जमिनीखाली जाऊ, कारण सगळ्यात नाजूक गोष्ट तिथे आहे. चार्जर म्हणजे वर दिसणारा खांब नव्हे. त्याच्या मागे केबल येते आणि केबलसाठी चर खणावा लागतो. भारतीय मानकानुसार घरगुती दाबाची केबल सुमारे ७५ सेंटीमीटर खोल आणि ११ केव्हीची ९० सेंटीमीटर खोल टाकायची. आता झाडाकडे या. आपल्या मनात वडाची मुळं पाताळात गेलेली असतात. पण झाडाला पाणी आणि अन्न पुरवणारी बारीक, केसांसारखी मुळं बहुतेक वरच्या अर्ध्या-पाऊण मीटर मातीत पसरलेली असतात, कारण हवा तिथेच असते. ती फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. म्हणजे केबल आपल्या तळाशी पोचण्यासाठी ज्या थरातून जाते तोच थर झाडाचं स्वयंपाकघर आहे! फूटपाथच्या कडेने सरळ खणलेला एक चर झाडाच्या एका बाजूचं जेवणच बंद करतो.

आणि झाड लगेच मरत नाही. हीच अडचण आहे. खोदाई करणारा बिल घेऊन जातो, रस्ता डांबरून पूर्ववत होतो, चार्जरचं उद्‌घाटन होतं. दोन-तीन पावसाळ्यांनी एका वाऱ्यात झाड आडवं होतं आणि आपण वाचतो की ‘वादळी पावसात वृक्ष कोसळला’. महाराष्ट्रात झाडं जपण्याचा कायदा १९७५ सालापासून आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जाही मिळाला. पण आपली नजर कुऱ्हाडीवर असते, फावड्यावर नसते. दिल्लीतल्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं, तेव्हा निदान बुंध्याच्या गळ्याचा फास सुटला. चर मात्र त्या मीटरच्या बाहेरूनही मुळं तोडतो. उपाय अगदी साधे आहेत. झाडाच्या सावलीत यंत्र न लावता हाताने खणायचं आणि मुळांखालून पाइप सरकवायचा. आणि सगळ्यात चांगला उपाय म्हणजे चार्जर डीपीच्याच बाजूला, डीपीच्याच फूटपाथवर बसवायचा, म्हणजे चर सहा मीटरचा होतो आणि मधे झाडच येत नाही. चार्जरची जागा ठरवताना मी पहिला प्रश्न ‘लोक कुठे आहेत’ हा विचारीन, आणि दुसरा: ‘डीपी रस्त्याच्या कोणत्या बाजूला?’

डीपी. हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्याच्या आत काय आहे हे आपण विचारत नाही. लाइट गेली की ‘डीपी उडाली’ म्हणतो आणि महावितरणला फोन लावतो. त्या करड्या पेटीत ११ हजार व्होल्टचे ४१५ होतात. आत तारांची वेटोळी असतात, आणि त्या तारांना गुंडाळलेलं असतं कागदाने. अक्षरशः कागदाने! तेलात भिजलेला, तपकिरी, जाड कागद. शहराची वीज या कागदावर उभी आहे. हा कागद उष्णतेने म्हातारा होतो, आणि त्याच्या म्हातारपणाचा नियम असा की मर्यादेवर तापमान साधारण ६ अंशांनी वाढलं की तो दुप्पट वेगाने जीर्ण होतो. १२ अंश वाढलं की चौपट. डीपी टिकते कारण संध्याकाळी तापली तरी उत्तररात्री तिचं तेल निवतं. तिलाही झोप लागते. आता गल्लीतल्या तीस गाड्या रात्री नऊला एकदम लागल्या, तर संध्याकाळचं ओझं उतरायच्या आधीच दुसरं चढतं आणि डीपीची झोप जाते. वर सांगितलेल्या टिचक्यांचं महत्त्व इथे कळतं: तीस गाड्यांना आळीपाळीने, एकीला एकला, दुसरीला तीनला, अशी वीज दिली तर कागद निवायला अवकाश मिळतो.

त्या पेटीत काहीशे लिटर तेल असतं. खनिज तेल गळलं तर मातीत, पुढे पावसाच्या गटारातून ओढ्यात जातं. म्हणून खाली खडीचा खड्डा किंवा कट्टा असावा लागतो, आणि ओढ्याकाठी तर वनस्पती तेलापासून केलेलं विघटनशील तेल वापरता येतं. त्याचा आग धरण्याचा बिंदू ३०० अंशांच्याही वर असतो. शेजारच्या दुसऱ्या, स्विचच्या पेटीची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. ठिणगी विझवण्यासाठी तिच्यात बऱ्याचदा सल्फर हेक्झाफ्लोराइड नावाचा वायू कोंडलेला असतो. रंग नाही, वास नाही, माणसाला विषारी नाही. पण हवा तापवण्यात एक किलो हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २३ हजार किलोंना भारी आहे. कार्बन कमी करायला म्हणून बसवलेल्या चार्जरच्या मागे ही पेटी गळकी निघाली, तर स्कूटरींनी पै पै करून वाचवलेलं पुण्य एका फुसफुशीत जातं. कंत्राटात ‘हा वायू नको’ किंवा ‘गळती तपासा’ अशी एक ओळ घालायला काही खर्च येत नाही.

पाण्याबद्दल पुणेकराला वेगळं सांगायला नको. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा घरांत शिरला. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी बुडाली आणि त्याच पहाटे डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. चार्जरवर ‘आयपी५४’ असं छापलेलं असतं. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ४ म्हणजे चहूबाजूंनी उडणाऱ्या शिंतोड्यांपासून बचाव, बस. बुडाल्यावरचा आकडा ७ आहे, तोही मीटरभर पाण्यात अर्धा तास. म्हणून आराखड्यावर चौकोनांच्या आधी निळी आणि लाल पूररेषा काढायला हव्यात, आणि नकाशावरून पुसलेले पण पावसाला आठवणारे जुने ओढेही. जिथे टाळता येत नाही तिथे कट्टा उंच आणि पाणी चढलं की पुरवठा आपोआप तोडणारी सोय.

पंख्यांचा आवाज, रात्रीचा प्रकाश, आयुष्य संपलेल्या बॅटऱ्या (त्यांची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे नियम २०२२ मध्ये आले आहेत) हेही विषय आहेतच. पण मला घड्याळाकडे यायचं आहे.

भारताच्या ग्रिडवर एक युनिट वीज तयार होताना सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. स्कूटरला १०० किलोमीटरला ३ युनिटं लागतात असं धरा: २.१ किलो. पेट्रोलची स्कूटर तेवढ्यासाठी दोन लिटर पीत असेल, तर लिटरला २.३ प्रमाणे ४.६ किलो. निम्म्याहून कमी, चांगलंच आहे. पण सरासरी हा शब्द फसवा. दुपारी एकच्या युनिटात उन्हाचा वाटा मोठा असतो, रात्री नऊच्या युनिटात शून्य, तिथे कोळसा जळत असतो. एकच प्लग, एकच स्कूटर. फक्त वेळ बदलली की धुराचा हिशेब बदलतो. म्हणूनच २०२४ च्या सूचनांत सकाळी ९ ते दुपारी ४ या उन्हाच्या वेळेत चार्जिंग स्टेशनला वीज सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट दराने आणि बाकी वेळेत १.३ पट दराने द्यावी असं म्हटलं आहे. जवळजवळ निम्म्याचा फरक.

म्हणजे ‘चार्जर कुठे’ या प्रश्नाचं खरं रूप असं: दुपारी एक वाजता गाड्या कुठे उभ्या असतात? लंडनने याचं एक देखणं उत्तर शोधलं होतं. २०२० मध्ये तिथल्या सदरलँड ॲव्हेन्यूवरच्या २४ दिव्यांच्या खांबांतच चार्जर बसवले. खोदाई नाही, नवा खांब नाही. आपणही खांबांना एलईडी दिवे लावले आहेत, मग तेच करू, असं मला वाटलं. मग एका वायरमनने हसून सांगितलं की आपल्याकडचे खांब बहुतेक ठिकाणी एका पेटीवरून एकदम चालू-बंद होतात. दिवसा खांबात वीजच नसते! ज्या वेळी ऊन आहे त्या वेळी खांब मेलेला. नक्कल करायलाही मुळात जमिनीखालची जोडणी सारखी असावी लागते.

त्याच वायरमनबरोबर एकदा मंडईच्या बाजूला चालत गेलो. तो रस्ता बघायची त्याची पद्धत मजेशीर होती. आधी वर पाहायचा, झाड आहे का; मग खाली, पाणी कुठे वाहतं; मग डीपी शोधायचा; आणि सगळ्यात शेवटी गाड्या. एका वाहनतळापाशी थांबला. छप्पर पत्र्याचं, ऊन थेट. जागा चढावर, पाणी साठायचं कारण नाही. डीपी भिंतीला लागून. आत दुचाकींच्या रांगा, सगळ्या तुळशीबाग-लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानांत कामाला असणाऱ्यांच्या, सकाळी साडेदहाला येऊन रात्री नऊला निघणाऱ्या. ‘इथं भिंतीवर पंधरा अँपिअरचे सॉकेट लावले की झालं. चर नाही, काही नाही,’ तो म्हणाला आणि बोटाने भिंतीवर अंतर मोजू लागला. एक, दोन, तीन… अठरापर्यंत गेला.

चौथ्या रांगेत ओळखीची स्कूटर दिसली. सीटखाली पिवळ्या वायरचं वेटोळं होतं, जोडावर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. ऊन ऐन माथ्यावर होतं.